डब्याचा दर दहा रुपयांनी वाढवला तर किती गिऱ्हाईक तुटेल?

सातपूरचा डबा
सातपूर एमआयडीसीजवळ आमचं छोटं पोळीभाजी केंद्र आहे. मी आणि जाऊबाई मिळून चालवतो. रोज साधारण ६० डबे जातात, ८० रुपयांना एक. तीन पोळ्या, सुकी भाजी, वरण, भात आणि शनिवारी काहीतरी गोड. तेल, गॅस, डाळ सगळंच चढलंय, म्हणून दर ९० करायचं मनात आहे. जाऊबाई म्हणते, दहा रुपयांसाठी लोक पलीकडच्या गल्लीत जातील. नवरा म्हणतो, जेवल्यावाचून कोण राहतंय? मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत आहे.

पुतण्या बारावीला आहे. त्याने पुस्तकातून 'मागणीची लवचिकता' काढून दाखवली. सूत्र समजलं, पण त्याचं माझ्या डब्याशी करायचं काय, ते समजलं नाही. इथे जाणकार आहेत, सोपं करून सांगा.

रविवार कारंजा
बिनधास्त करा. नव्वदला आता धड मिसळपण येत नाही.

मुंबईनाका
@रविवार कारंजा, मिसळ रविवारची, डबा रोजचा. दहा रुपये गुणिले २६ दिवस म्हणजे महिन्याला २६० रुपये. कंत्राटी कामगार हे गणित तोंडी करतो.

खडू आणि फळा
ताई, मी बारावीलाच अर्थशास्त्र शिकवते, म्हणून थोडं लांबण लावते.

सूत्र एवढंच आहे: मागणी शेकडा किती बदलली, भागिले किंमत शेकडा किती बदलली. ८० चे ९० म्हणजे साडेबारा टक्के वाढ. समजा ६० पैकी ३ डबे तुटले. म्हणजे ५ टक्के. ५ भागिले १२.५ म्हणजे ०.४. ही कमी लवचिक मागणी. समजा १५ तुटले, म्हणजे २५ टक्के, तर उत्तर २. ही जास्त लवचिक. (खरं तर उत्तर ऋण येतं, कारण एक वाढलं की दुसरं घटतं. बोलताना ते चिन्ह सोडून देतात.) १ ही मधली खूण. त्याच्या खाली असाल तर दर वाढवल्यावर गल्ला वाढतो, वर असाल तर दर वाढवूनही गल्ला घटतो. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली ही कल्पना नीट मांडली, तेव्हापासून जगभरची मुलं हेच गणित सोडवताहेत.

म्हणजे तुमचे मिस्टर ०.४ म्हणताहेत आणि जाऊबाई २. कोण बरोबर ते पुस्तक सांगणार नाही, तुमचं गिऱ्हाईक सांगेल.

तर्कटराव
मॅडम, एक शंका. ७ डबे तुटले असं धरा. ७ म्हणजे ६० चे ११.६७ टक्के. भागिले १२.५ केलं की ०.९३ येतं. एकापेक्षा कमी, म्हणजे गल्ला वाढायला हवा. पण ५३ गुणिले ९० म्हणजे ४७७०, आणि आधी होता ४८००. घटला की!

खडू आणि फळा
बरोब्बर पकडलंत. वर्गात हा प्रश्न दोन-तीन वर्षांतून एखादाच विचारतो. ८० वरून ९० ला चढलं तर साडेबारा टक्के, पण ९० वरून ८० ला उतरलं तर ११.१ टक्केच. अंतर तेच, पाया वेगळा. म्हणून बदल मोठा असेल तर दोन टोकांची सरासरी पाया धरायची. किमतीची सरासरी ८५, बदल ११.७६ टक्के. डब्यांची सरासरी ५६.५, बदल १२.३९ टक्के. भागाकार १.०५. आता गल्ला का घटला ते जुळतं.

आकडेमोड
इथे सगळे गल्ल्यावर का भांडताहेत? धंदा गल्ल्यावर चालत नाही, हातात उरतं त्यावर चालतो. ताई, एका डब्याला कच्चा माल, गॅस, पॅकिंग आणि पोचवणूक धरून किती खर्च येतो? भाडं आणि भांडीवाल्या मावशींचा पगार यात धरू नका, ते डबे कमी झाले तरी द्यावेच लागणार.

सातपूरचा डबा
५५ च्या आसपास. पोचवणारा मुलगा डब्यामागे पैसे घेतो, म्हणून तो धरलाय.

आकडेमोड
मग बघा. आज डब्यामागे २५ उरतात, ६० डब्यांचे १५००. दर ९० केला की डब्यामागे ३५ उरतील. १५०० ला ३५ ने भागा: ४२.८६. म्हणजे रोज ४३ डबेच विकले गेले तरी आजच्याइतके पैसे हातात, आणि १७ डब्यांचं पीठ मळायचं वाचलं. ६० चे ५० झाले तर लवचिकता साध्या सूत्राने १.३३ येते, गल्ला ४८०० चा ४५०० होतो, पण हातात १७५० पडतात. पुस्तकातली १ ची खूण गल्ल्यापुरती आहे. तुमची खूण २.२७ वर आहे (१७ डबे म्हणजे ६० चे २८.३३ टक्के, भागिले १२.५). जाऊबाईंचा २ हा आकडा खरा ठरला तरी तुम्ही काठावर पास.

उलटंही लक्षात ठेवा. कोणी 'दर उतरवा, खप वाढेल' म्हणालं तर ७० च्या डब्यात १५ च उरतात. तेच १५०० मिळवायला रोज १०० डबे करावे लागतील.

जाऊबाई समर्थक
पीठ मळायचं वाचलं हे वाक्य आवडलं. 😀 वाचतेय.

पंचवटी किराणा
आमचं दुकान वडिलांच्या काळापासूनचं. पुस्तकात लिहितात, गरजेची वस्तू म्हणजे मागणी कमी लवचिक. हे मला अर्धंच पटतं. तूरडाळ चढली की तुरीचा खप पंधरा दिवसांत खाली येतो. पण डाळीचा नाही. बायका मसूर नेतात, मूग नेतात, नाहीतर तुरीत मसूर मिसळून वरण करतात. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध भडकलं आणि सूर्यफुलाच्या तेलाचे भाव कुठल्या कुठे गेले, कारण आपल्याकडे येणाऱ्या सूर्यफूल तेलातला मोठा हिस्सा तिथूनच येत होता. लोकांनी तळणं सोडलं का? नाही. सोयाबीनच्या पिशव्या न्यायला लागले. तेव्हा 'तेलाची लवचिकता किती' असं विचाराल तर उत्तर एक, 'सूर्यफुलाची' विचाराल तर दुसरं, आणि 'अमक्या कंपनीच्या सूर्यफुलाची' विचाराल तर तिसरं.

ताईंच्या मिस्टरांचं तिथेच चुकतंय. जेवल्यावाचून कोणी राहत नाही, पण ताईंच्या डब्यावाचून राहू शकतो ना.

मिठाचं मात्र खरं. पुड्यामागे चार रुपये वाढले तरी पाऊण पुडा द्या म्हणणारा अजून भेटला नाही. महिन्याच्या यादीत मिठाचा वाटाच केवढा! याच्या अगदी उलट पाच रुपयांचा बिस्किटपुडा. तो सहाचा केला की पोरगं शेजारचा दुसरा पुडा उचलतं, वर सुट्ट्या पैशांची कटकट. म्हणून कंपन्या दर पाचच ठेवतात आणि आतलं वजन काढून घेतात. किमतीला हलणारं गिऱ्हाईक वजनाला हलत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक.

मुंबईनाका
म्हणजे ताईंनी तीनच्या अडीच पोळ्या कराव्यात?

सातपूरचा डबा
आमचं गिऱ्हाईक डबा उघडल्या उघडल्या पोळ्या मोजतं. ते जमायचं नाही.

सिडको भुर्जी
माझी गाडी आहे भुर्जी-आम्लेटची. मला एक सांगा. श्रावणात अंड्यांचा भाव उतरतो आणि त्याच महिन्यात माझा खपही बसतो. भाव कमी, मागणीपण कमी. मॅडमचा नियम आमच्या चौकात मोडला की काय?

खडू आणि फळा
नियम 'बाकी सगळं तसंच राहिलं तर' असा आहे. श्रावणात बाकी सगळं बदलतं. गिऱ्हाईकाने अंडं महाग म्हणून सोडलेलं नाही, तो ते कोणत्याही भावाला कमीच खाणार आहे. आख्खी मागणीच खाली सरकली आणि तिच्यामागोमाग भाव उतरला. साबुदाणा आणि भगर यांचं याच महिन्यात उलट होतं, भावही चढतो आणि खपही. असे दोन आकडे घेऊन भागाकार केला तर उत्तर येईल, पण ते लवचिकतेचं नसेल.

ताईंना यातून कामाची गोष्ट अशी: दर मे महिन्यात किंवा दिवाळीच्या आठवड्यात बदलू नका. मुलं गावी गेलेली असतात, कंपन्या बंद असतात. डबे कमी झाले तर दरामुळे की सुट्टीमुळे, काहीच कळायचं नाही. साधा महिना निवडा आणि त्या महिन्यात भाजीचा प्रकारही बदलू नका.

अंबड पहिली पाळी
पेट्रोलचं लिहितो. २०२१ मध्ये शंभरी ओलांडली तेव्हा कंपनीत सगळे म्हणत होते, आता गाडी बंद. एकानेही बंद केली नाही. सातला कार्ड पंच करायचं असतं, गाडीशिवाय इलाज नाही. तेव्हा कोणी माझी लवचिकता काढली असती तर शून्याजवळ आली असती. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत काय झालं बघा. शेजारच्याने जुनी गाडी मोडून विजेवरची स्कूटर घेतली, मी आणि एक दोस्त आलटून पालटून एकाच गाडीवर जातो, साहेबांनी सीएनजीची कार घेतली. दर वाढला त्या दिवशी काही झालं नाही. गाडी बदलायची वेळ आली तेव्हा झालं.

आकडेमोड
हे ताईंनी दोनदा वाचावं. पहिल्या महिन्यात गिऱ्हाईक तुटलं नाही म्हणून पेढे वाटू नका. आगाऊ पैसे भरलेला माणूस महिनाभर थांबतो, तेवढ्यात दुसरा डबा शोधतो. तीन महिने वही ठेवा.

नांदूरनाका
एसटीचं कोणी काढलं नाही अजून. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट झालं. आमची आई आणि मावशी पूर्वी वणीला चैत्रात एकदा जायच्या. आता मनात आलं की गडावर. बहीण मात्र सिन्नरला नोकरीला आहे, ती तेव्हाही रोज जायची, आताही रोजच जाते. तिचा फक्त पैसा वाचला.

खडू आणि फळा
उदाहरण मी उद्या वर्गात वापरणार, परवानगी समजते. दोघी एकाच गाडीत बसतात, दोघींना सवलत तेवढीच, पण एकीची मागणी दरावर हलते, दुसरीची ड्यूटीवर. साध्या हिशोबाने दर निम्मा केल्यावर प्रवासी दुप्पट झाले तर तिकिटाचा गल्ला तेवढाच राहतो. इथे उरलेल्या निम्म्याची भरपाई सरकार देतं, म्हणून महामंडळाचा हिशोब वेगळा. पण आई आणि बहीण यांच्यातला फरक ताईंच्या धंद्यातही असणार. ताई, तुमचे साठही सारखे आहेत का?

सातपूरचा डबा
नाही. ४० जण महिन्याचे आहेत, पैसे एक तारखेला. २० सुटे, सकाळी फोन करून सांगणारे.

मुंबईनाका
सुट्यांना हात लावू नका. त्यांना कसलं बंधन? समोर वडापावची गाडी आहेच.

सातपूरचा डबा
तसं नाही वाटत मला. सुट्यांचे फोन साडेनवाला येतात आणि आवाजावरून कळतं की बायको माहेरी आहे. ते भाजी कोणती एवढंच विचारतात. दर विचारणारे सगळे महिन्याचे. एकाने तर समोरच्या मेसचं छापील पत्रक आणून दाखवलं होतं.

आकडेमोड
मग तुमचं उत्तर तुमच्याकडेच होतं. महिन्याचे लोक तुलना करतात, २६ ने गुणतात. त्यांना ८५. सुटा माणूस त्या दिवशी अडलेला आहे. त्याला ९५. 'महिना भरलात तर दहा रुपये कमी' असं म्हणा, कोणाला दरवाढ बोचणार नाही. शिवाय ६५ चा अर्धा डबा ठेवा, दोन पोळ्या आणि भाजी. ज्याला ८५ जड जातात तो पत्रकवाल्याकडे जाण्याऐवजी तुमच्याकडेच खाली उतरेल. फक्त अर्ध्या डब्याचा खर्च नीट काढा, नाहीतर सगळेच त्यावर घसरतील.

सातपूरचा डबा
हे जमण्यासारखं आहे. जाऊबाईला धागा वाचून दाखवला. ती म्हणतेय ९५ चा डबा असेल तर शनिवारच्या गोडात तूप घालावं लागेल. सगळ्यांचे आभार.

निफाडकर
६० डब्यांचा निकाल लागला, आता आमच्या कांद्याचं बोला. ज्या वर्षी माल चांगला येतो त्या वर्षी पैसे कमी होतात. आवक दहा टक्क्यांनी वाढली तर भाव दहा टक्क्यांनी पडावा, हे समजू शकतो. पण लासलगावच्या लिलावात तो निम्म्यावर येतो. व्यापारी खातात म्हणून मोकळं व्हायचं, की मॅडमकडे काही उत्तर आहे?

खडू आणि फळा
दादा, हा प्रश्न तीनशे वर्षांहून जुना आहे. इंग्लंडमध्ये चार्ल्स डेव्हनंट यांनी १६९९ साली धान्याचा एक तक्ता छापला. ग्रेगरी किंग यांच्या नावाने तो ओळखला जातो. पीक एक दशांशाने कमी आलं तर भाव ३० टक्क्यांनी चढतो, दोन दशांशाने कमी आलं तर ८० टक्क्यांनी. पोटाला लागणाऱ्या मालाचं असंच असतं. आवक थोडी हलते, भाव खूप हलतो. उलट दिशेलाही तसंच.

कांद्याचं एक कल्पित उदाहरण घेऊ. नाशकात किरकोळ भाव किलोला ३५, तुमच्या हाती १५. मधले २० म्हणजे गाडीभाडं, हमाली, बारदान, सडणं-वाळणं आणि दुकानदाराचा वाटा. गिऱ्हाईकाची लवचिकता ०.४ धरू. आवक १० टक्क्यांनी वाढली. एवढा जास्तीचा कांदा खपायचा तर किरकोळ भाव २५ टक्क्यांनी पडायला हवा, म्हणजे ३५ चा २६.२५. पावणेनऊ रुपये गेले. आता मधल्या २० पैकी काही कमी होणार आहे का? डिझेल तेच, हमाली तीच. सगळे पावणेनऊ तुमच्या १५ मधून जातात. उरले सव्वासहा. गिऱ्हाईकाला २५ टक्के उतार, तुम्हाला ५८ टक्के. आधी १०० क्विंटलचे दीड लाख मिळत होते, आता ११० क्विंटलचे ६८,७५०.

निफाडकर
हे गणित कोणी आधी सांगितलं नव्हतं. म्हणजे किरकोळ बाजारातली लवचिकता आणि लिलावातली एक नाही.

खडू आणि फळा
नाही. तुमच्या हातची ०.४ गुणिले १५ भागिले ३५, म्हणजे ०.१७. मधला खर्च जितका मोठा आणि घट्ट, तितकी ती आणखी खाली जाते.

गंगापूररोड
पण आमच्याकडे दारावरचा भाजीवाला २६ ला देतच नाही. लिलावात सव्वासहा झाला तरी त्याची पाटी ३० वर.

पंचवटी किराणा
भाव पडल्यावर पाटी उशिरा उतरते, हे खरं आहे. त्याच्याकडे कालचा महाग माल असतो. पण ती उतरत नाही तोवर खपही वाढत नाही, आणि मागे ढीग साचतो. तो भार पुन्हा लिलावावरच जातो.

तर्कटराव
मधला सगळाच खर्च घट्ट नसतो. टक्क्यावर ठरणारा भाग भावाबरोबर उतरतो, म्हणजे ५८ ऐवजी थोडं कमी होईल. दिशा तीच.

निफाडकर
मग निर्यात? ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क लावलं, डिसेंबरमध्ये सरळ बंदी, मे २०२४ ला ती उठली तरी शुल्क राहिलं. ते पूर्ण हटायला एप्रिल २०२५ उजाडला. आमचा बाजार त्या काळात कसा चालला, आम्हाला विचारा.

आकडेमोड
तुमच्या प्रश्नाचा तोही अर्धा भाग आहे. घरचं गिऱ्हाईक कांदा स्वस्त झाला म्हणून दुप्पट खात नाही. दुबई, मलेशिया किंवा श्रीलंकेचा आयातदार मात्र आपला भाव थोडा उतरला की पाकिस्तान-चीनचा सोडून आपला उचलतो. त्याची मागणी घरच्यापेक्षा बरीच लवचिक. दोन्ही मागण्या एकत्र असतात तेव्हा वाढीव आवक कमी पडझडीत खपते. निर्यात बंद केली की लवचिक भाग कापला जातो आणि फक्त घरचा ताठ भाग उरतो. शहरातल्या माणसाला दहा रुपये वाचले म्हणून बरं वाटतं, लिलावात त्याची किंमत कितीतरी मोठी बसते.

रविवार कारंजा
मग सगळ्यांनी मिळून कांदा कमी लावा की!

निफाडकर
मी पाच एकरांचे तीन केले तर लासलगावचा भाव एक पैशाने हलणार नाही. दोन एकरांचं उत्पन्न मात्र माझं बुडेल. आणि शेजारी माझ्या भरवशावर सहा लावेल.

खडू आणि फळा
हो. संपूर्ण बाजाराची मागणी ताठ, पण तुमच्या एकट्याच्या कांद्याची संपूर्ण लवचिक. चालू भावाला जेवढा न्याल तेवढा विकला जाईल, रुपयाने जास्त मागितलात तर पुढच्या ट्रॅक्टरवर बोली लागेल. म्हणून प्रत्येकाने शहाणपणाने जास्त लावायचं आणि सगळ्यांनी मिळून भाव पाडायचा, हे चालत राहतं. तुमच्या एकट्याच्या हातात फार तर विकायची वेळ आहे.

निफाडकर
तेच करतो. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवायच्या शेडमध्ये, भरायचा, गोल्टी (बारीक कांदा) वेगळी काढून आधी विकायची, बाकीचा सप्टेंबरपर्यंत थोडा थोडा काढायचा. पण चाळीत वजन घटतं, सड वेगळी. तीस टक्के घट धरली तर मे महिन्यात १२ रुपयांनी गेला असता तो कांदा सप्टेंबरला १७ च्या पुढे गेला तरच बरोबरी.

आकडेमोड
१७.१४. त्यात पीककर्जाचं चार महिन्यांचं व्याज आणि निवडायची मजुरी घाला, साडेअठराच्या आत विकू नका.

निफाडकर
मजुरी एवढ्यात होत नाही. एकोणीस धरतो.